साखळीतील एक कडी

दुसऱ्याच्या संकटाचा लाभ घेणाऱ्या माणसाला मराठीत 'गिधाड' म्हणण्याचा प्रघात आहे. लोभी माणसे एखाद्याच्या संपत्तीवर 'गिधाडांसारखी तुटून पडली' असेही म्हटले जाते. घराच्या आढ्यावर गिधाड बसले, तर पूर्वी लोक ते अशुभ मानीत. परंतु याच भाषेत जटायूचे नाव मोठ्या आदराने घेतले जाते. सीतेला हरण करून नेणाऱ्या रावणाला ज्याने आकाशात अडवले आणि त्या झुंजीत आपले प्राण वेचले, तो जटायू म्हणजे गृध्रराज, गिधाडांचा राजा होय. एकाच पक्ष्याविषयी माणसाच्या मनात असे दोन भाव नांदत आले आहेत. या पक्ष्याची खरी योग्यता कोणती, हे कळण्याची वेळ विसाव्या शतकाच्या अखेरीस आली. मात्र त्या ज्ञानासाठी फार मोठे मोल द्यावे लागले.

पूर्वी खेड्यापाड्यांत, वस्तीपासून दूर, मेलेली जनावरे टाकण्याची एक जागा ठरलेली असे. बैल, गाय किंवा म्हैस मरण पावली, की तिचे शव तेथे नेऊन टाकीत. कातडे काढून घेतले, की उरलेले काम गिधाडांचे. आकाश निरभ्र असे, एकही पक्षी दृष्टीस पडत नसे. पण थोड्याच वेळात उंचावर एक काळा ठिपका दिसू लागे. पाहता पाहता तो मोठा होई. त्याच्यामागून दुसरा येई, तिसरा येई, आणि शेवटी पन्नास-शंभर गिधाडांचा थवा त्या शवाभोवती उतरे. मोठा कलकलाट होई, धक्काबुक्की होई. आणि काही तासांच्या आत तेथे स्वच्छ हाडांच्या सांगाड्यावाचून काहीही उरत नसे. दुर्गंधी नाही, माश्या नाहीत, रोगराई नाही. मागे राहिलेली हाडेही वाया जात नसत. ती गोळा करून त्यांचे खत केले जाई.

हे काम करण्यासाठी निसर्गाने गिधाडाला विशेष साधने दिली आहेत. त्याच्या पंखांचा विस्तार दोन मीटरांहून अधिक असतो. ऊन चढले, की जमिनीलगतची हवा तापून वर जाऊ लागते. त्या वर चढणाऱ्या हवेवर पंख पसरून गिधाड जवळजवळ पंख न हलवता तासन्‌तास घिरट्या घालू शकते. त्यामुळे अन्नाच्या शोधात दूरदूरचा प्रदेश धुंडाळूनही त्याची शक्ती फारशी खर्च होत नाही. त्याची दृष्टी अतिशय तीक्ष्ण असते. शिवाय आकाशातील प्रत्येक गिधाडाचे लक्ष जसे जमिनीकडे असते, तसेच ते शेजारच्या गिधाडाकडेही असते. एक खाली झेपावले, की दुसऱ्याला ते कळते, दुसऱ्यावरून तिसऱ्याला. आणि अशा रीतीने कित्येक कोसांवरील पक्षी एका ठिकाणी जमतात. त्याच्या डोक्यावर व मानेवर दाट पिसे नसतात. म्हणून शवाच्या आत मान घालूनही ती सहज स्वच्छ राहते. त्याच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते, की सडलेल्या मांसातील अनेक रोगजंतू त्यात नाश पावतात. इतर प्राण्यांच्या पोटातून जे रोग पुढे पसरले असते, त्यांतील पुष्कळसे गिधाडाच्या पोटात येऊन संपतात.

गिधाडाच्या या कामाची खरी किंमत समजण्यासाठी सृष्टीचा संसार कसा चालतो, हे पाहिले पाहिजे. सजीवांचे एकमेकांशी आणि भोवतालच्या परिस्थितीशी जे संबंध असतात, त्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला परिस्थितिकी म्हणतात. एर्न्स्ट हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने 1866 साली या शास्त्राला जे नाव दिले, ते घर या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून बनवलेले होते. ही योजना फार समर्पक आहे. घरात जशी प्रत्येकाकडे काही ना काही कामगिरी असते, तशीच ती सृष्टीच्या घरातही असते. पुढे 1935 साली आर्थर टान्सली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने आणखी एक कल्पना मांडली. एखाद्या ठिकाणचे सर्व सजीव आणि तेथील माती, पाणी, हवा, ऊन हे निर्जीव घटक वेगळे न पाहता ते सर्व मिळून एक व्यवस्था समजावी, असे त्याचे म्हणणे होते. या व्यवस्थेला मराठीत परिसंस्था म्हणतात. तळे ही एक परिसंस्था आहे, जंगल ही दुसरी, माळरान ही तिसरी.

महाराष्ट्रातील एखाद्या माळरानाचेच उदाहरण घ्यावे. पावसाळा लागला, की तेथे गवत उगवते. गवत आपले अन्न स्वतः तयार करते. त्यासाठी ते मातीतून पाणी व क्षार घेते, हवेतून कार्बन डायऑक्साइड वायू घेते आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्यांचे अन्न बनवते. म्हणून हिरव्या वनस्पतींना उत्पादक म्हणतात. नाकतोडा ते गवत खातो, सरडा नाकतोड्याला खातो, साप सरड्याला गिळतो आणि सापमार गरुड सापावर झडप घालतो. हे सारे भक्षक होत. गवतापासून गरुडापर्यंत अन्नाची अशी जी मालिका तयार होते, तिला अन्नसाखळी म्हणतात. प्रत्यक्षात मात्र माळरानावर अशी एकच साखळी नसते. तेच गवत ससा खातो, शेळीही खाते. तोच सरडा शिक्र्याच्याही तावडीत सापडतो. अशा अनेक साखळ्या एकमेकींत गुंतून त्यांचे अन्नजाळे बनते.

या साखळीतून जी ऊर्जा वाहते, ती मुळात सूर्याची असते. परंतु प्रत्येक पायरीवर तिचा बराचसा भाग खर्च होतो. नाकतोडा उड्या मारतो, श्वास घेतो, आपले शरीर चालू ठेवतो. त्यात त्याने खाल्लेल्या अन्नातील पुष्कळ ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते. स्थूलमानाने असे म्हणतात, की एका पायरीवरील ऊर्जेचा सुमारे दहावा भागच वरच्या पायरीला मिळतो. म्हणूनच माळावर गवताच्या काड्या अगणित, नाकतोडे पुष्कळ, साप थोडे आणि गरुड एखाददुसराच असतो. निघून गेलेली ही ऊर्जा परत येत नाही. सूर्याकडून रोज नवी ऊर्जा मिळते, म्हणून संसार चालतो.

माती आणि क्षार यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा साठा मर्यादित आहे, आणि तोच पुन्हा पुन्हा वापरावा लागतो. गवताने मातीतून उचललेला क्षार गाईच्या शरीरात गेला आणि गाय मेल्यावर तो तिच्या शरीरातच अडकून पडला, तर पुढच्या पिढीच्या गवताने काय करावे? हा क्षार मातीला परत करण्याचे काम जीवाणू, बुरशी आणि मातीतील सूक्ष्म जीव करतात. ते मृत शरीरांचे साध्या द्रव्यांत रूपांतर करतात, म्हणून त्यांना विघटक असे नाव आहे. उत्पादक, भक्षक आणि विघटक हे सृष्टीच्या संसाराचे तीन आधार होत. परंतु गाईबैलांसारख्या मोठ्या जनावराचे शव एकट्या विघटकांना आटोपत नाही. त्याला फार दिवस लागतात; तेवढ्या काळात ते सडते, त्यावर माश्यांची अंडी वाढतात आणि रोगजंतू पाण्यात व मातीत उतरतात. येथे विघटकांच्या मदतीला मृतभक्षक धावून येतात. मेलेल्या प्राण्यांच्या मांसावर जगणाऱ्या प्राण्यांना मृतभक्षक म्हणतात. कोल्हा, तरस, कावळा, घार हे सारे कमीअधिक प्रमाणात हे काम करतात. पण भारतातील मृतभक्षकांमध्ये अग्रमान गिधाडाकडेच होता.

भारतात गिधाडांच्या नऊ जातींची नोंद झालेली आहे. त्यांतील पांढऱ्या पाठीचे गिधाड आणि लांब चोचीचे गिधाड हे एके काळी कावळ्याचिमण्यांइतकेच लोकांच्या परिचयाचे होते. 1980 च्या सुमारास भारतात कोट्यवधी गिधाडे होती, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. इतक्या मोठ्या संख्येने असलेला पक्षी काही वर्षांत दिसेनासा होईल, असे कोणी सांगितले असते, तर त्यावर कोणाचा विश्वास बसला नसता.

या संकटाची चाहूल प्रथम राजस्थानात लागली. भरतपूरजवळील केवलादेव राष्ट्रीय उद्यान पक्ष्यांसाठी जगप्रसिद्ध आहे. मुंबईत 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ विभू प्रकाश तेथे पक्ष्यांचा अभ्यास करीत होते. 1987-88 च्या हंगामात त्यांनी उद्यानातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी मोजली होती. तेव्हा 353 जोड्या नांदत होत्या. 1996-97 च्या हंगामात ते पुन्हा मोजणीस गेले, तेव्हा 150 जोड्याच उरल्या होत्या. झाडांवरून मेलेली गिधाडे लोंबत होती. जी जिवंत होती, त्यांपैकी कित्येक माना खाली घालून दिवसेंदिवस मुकाट्याने बसून राहत. पुढच्या काही वर्षांत तेथील घरटी साफ ओस पडली. देशाच्या इतर भागांतूनही अशाच वार्ता येऊ लागल्या. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे इतकी घटली, की जेथे पूर्वी हजार होती तेथे अवघे एक उरले. लांब चोचीच्या गिधाडांच्या बाबतीतही शंभरांतील तीन-चारच वाचली.

एवढा संहार कशाने व्हावा? अन्न कमी पडले म्हणावे, तर गावोगाव गुरांची शवे पडून होती. झाडे तोडली गेली म्हणावे, तर झाडे असलेल्या ठिकाणीही गिधाडे मरत होती. शेतांवर फवारलेल्या विषांचा संशय आला. एखादा नवा साथीचा रोग आला असावा, असेही पुष्कळांना वाटले. शास्त्रज्ञ प्रत्येक शक्यता तपासून पाहू लागले. शेजारच्या पाकिस्तानातही गिधाडे मरत होती. तेथील पंजाब प्रांतात लिंडसे ओक्स या अमेरिकन पशुवैद्य शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मृत गिधाडांची शवचिकित्सा केली. बहुतेकांच्या काळजावर आणि यकृतावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर साचलेला आढळला. पक्ष्यांच्या शरीरातील टाकाऊ द्रव्य यूरिक आम्लाच्या रूपाने मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे निकामी झाली, की ते आम्ल शरीरातच साचून राहते. तेव्हा गिधाडांची मूत्रपिंडे कोणत्यातरी पदार्थाने निकामी होत होती, एवढे नक्की झाले.

तो पदार्थ कोणता? रोगजंतू शोधले, ते सापडले नाहीत. कीटकनाशके शोधली, जड धातू शोधले. त्यांचाही पुरावा मिळाला नाही. मग त्या शास्त्रज्ञांनी निराळा विचार केला. गिधाडाचे अन्न म्हणजे मेलेली गुरे. गुरांच्या शरीरात अलीकडे नवे असे काय जाऊ लागले आहे? त्यांनी गुरांच्या डॉक्टरांकडे आणि औषधविक्रेत्यांकडे चौकशी केली. तेव्हा डायक्लोफेनॅक या औषधाचे नाव पुढे आले. ठणका व सूज कमी करणारे हे औषध माणसे पूर्वीपासून घेत होती. 1990 नंतरच्या दशकात ते गुरांनाही सर्रास दिले जाऊ लागले होते. शास्त्रज्ञांनी मृत गिधाडांची मूत्रपिंडे तपासली. ज्या 25 पक्ष्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती, त्या पंचवीसही पक्ष्यांत डायक्लोफेनॅकचा अंश मिळाला. जे 13 पक्षी इतर कारणांनी मेले होते, त्यांतील एकातही तो मिळाला नाही. पुढे हे औषध दिलेल्या जनावरांचे मांस काही गिधाडांना खाऊ घालून पाहिले, तेव्हा तीही त्याच लक्षणांनी मेली. 2004 साली हा शोध प्रसिद्ध झाला आणि अनेक वर्षांचे गूढ उकलले.

यात विशेष मनाला लागणारी गोष्ट अशी, की गिधाडांचे वाईट व्हावे अशी कोणाचीही इच्छा नव्हती. शेतकऱ्याचा बैल लंगडू लागला, गाईची कास सुजली, म्हातारी म्हैस वेदनेने विव्हळू लागली, म्हणजे तिला आराम पडावा या दयाबुद्धीनेच ते औषध टोचले जाई. औषध स्वस्त होते आणि गुणही लवकर येई. परंतु आजारी जनावर औषध दिल्यावर एक-दोन दिवसांतच मेले, तर तो औषधाचा अंश त्याच्या शरीरात शिल्लक राही. गाईला जे सोसत होते, ते गिधाडाला मुळीच सोसत नव्हते. एका मुक्या जीवाच्या वेदना दूर करणारे औषध साखळीतून पुढे सरकले आणि दुसऱ्या मुक्या जीवाचे विष ठरले. सृष्टीतील संबंध किती दूरवर पोचलेले असतात, हे यावरून दिसून येते.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. मरणाऱ्या सर्वच गुरांना काही हे औषध दिलेले नसे. मग जवळजवळ सगळी गिधाडे कशी मेली? शास्त्रज्ञांनी गणित मांडून दाखवले, की शंभरांतील एकाहून कमी शवांत हे औषध असले, तरी एवढी हानी होण्यास ते पुरेसे होते. याची कारणे गिधाडाच्या जीवनक्रमातच आहेत. गिधाडे एकेकटी जेवत नाहीत. एका शवावर सारा थवा उतरतो, म्हणून एकच विषारी शव अनेक पक्ष्यांचा घात करते. शिवाय गिधाडाची मादी वर्षातून एकच अंडे घालते, आणि पिल्लू वाढून अंडी घालण्याजोगे होण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. उंदराच्या जातीत कितीही प्राणी मेले, तरी थोड्या काळात त्यांची भरपाई होते. ज्याची वाढ सावकाश होते आणि आयुष्य दीर्घ असते, त्या प्राण्याचे नुकसान भरून येण्यास मात्र पिढ्या लागतात.

गिधाडे गेली, पण गुरे मरण्याचे थांबले नाही. गावाबाहेरची शवे आता तशीच कुजू लागली. वाऱ्याबरोबर दुर्गंधी वस्तीत येऊ लागली आणि पावसाच्या पाण्याबरोबर ती घाण ओढ्यानाल्यांत उतरू लागली. गिधाडांची रिकामी झालेली जागा भटक्या कुत्र्यांनी घेतली. अन्न मुबलक मिळू लागल्याने त्यांची संख्या लाखांनी वाढली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. परंतु कुत्रा हा गिधाडाची उणीव भरून काढू शकत नाही. तो शव पुरते साफ करीत नाही, रोगजंतू इकडून तिकडे नेतो. आणि पिसाळलेला कुत्रा चावला असता माणसाला जो रोग होतो, त्याची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. भारतात पूर्वी जेथे गिधाडे पुष्कळ होती, अशा जिल्ह्यांची तुलना दोन अर्थशास्त्रज्ञांनी इतर जिल्ह्यांशी केली. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाप्रमाणे 2000 ते 2005 या काळात गिधाडे नाहीशी झाल्यामुळे सुमारे पाच लक्ष माणसांचे अधिक मृत्यू झाले असावेत. हा अंदाज आहे; तथापि एका पक्ष्याचा माणसाच्या आरोग्याशी किती निकटचा संबंध होता, हे त्यावरून समजते.

मुंबईच्या पारशी समाजालाही गिधाडांची उणीव तीव्रतेने जाणवली. अग्नी, भूमी आणि जल ही तत्त्वे पवित्र असून मृतदेहामुळे ती दूषित होऊ नयेत, अशी त्यांच्या धर्माची शिकवण आहे. म्हणून मलबार हिलवरील डुंगरवाडीत मृतदेह दगडी बांधणीच्या उघड्या दख्म्यात ठेवण्याची त्यांची जुनी परंपरा आहे. पक्ष्याने तो देह ग्रहण करावा, हे मृत व्यक्तीचे शेवटचे दान समजले जाते. गिधाडे येईनाशी झाली, तेव्हा सूर्याची उष्णता एकवटणारी साधने तेथे बसवावी लागली. एक पक्षी नाहीसा झाल्याने एका समाजाच्या शतकानुशतकांच्या चालीरीतीलाही धक्का बसला.

दगडी कमान बांधताना गवंडी तिच्या माथ्यावर एक दगड बसवतो. दिसायला तो इतर दगडांसारखाच असतो. पण तो काढून घेतला, तर दोन्ही बाजूंचे दगड ढासळतात. परिसंस्थेतही काही जाती अशा असतात, की त्यांच्यावर इतर अनेकांचे जीवन टेकलेले असते. गिधाड हा अशा कमानीच्या माथ्यावरील दगड होता. तो ढळला तेव्हा कुठे त्याचे महत्त्व सर्वांच्या ध्यानात आले.

कारण समजल्यावर उपायही सुरू झाले. 2006 साली भारत सरकारने गुरांसाठी डायक्लोफेनॅक तयार करण्यावर बंदी घातली. नेपाळ आणि पाकिस्तान यांनीही तसेच केले. परंतु माणसांसाठी असलेल्या मोठ्या कुप्या गुरांना वापरल्या जात राहिल्या. म्हणून 2015 साली त्या मोठ्या कुप्यांवरही बंदी आली. गुरांना वेदनेत ठेवावे, असा याचा अर्थ नव्हता. मेलॉक्सिकॅम हे दुसरे औषध गुरांना गुणकारी आणि गिधाडांना निर्धोक आहे, हे प्रयोगांनी सिद्ध झाले. 2023 साली गिधाडांना घातक ठरणाऱ्या आणखी दोन औषधांचा गुरांसाठी होणारा वापर बंद करण्यात आला. हरियाणात पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि तेथील वनविभाग यांनी गिधाडांचे पालन व संवर्धन करणारे केंद्र उभारले. तेथे जन्मलेली व वाढवलेली गिधाडे 2020 सालापासून मोकळ्या आकाशात सोडण्यात येऊ लागली.

महाराष्ट्रातही काही ठिकाणी गिधाडे तग धरून राहिली. रायगड जिल्ह्यात म्हसळे तालुक्यातील चिरगावच्या परिसरात उंच झाडांवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी होती. तेथील ग्रामस्थ आणि पक्षिमित्र यांनी ती झाडे जपली आणि मेलेली जनावरे गिधाडांसाठी राखून ठेवण्यास आरंभ केला. ज्या पक्ष्याला अशुभ मानून हाकलले जाई, त्याच्या पिल्लांची वाट पाहणारी माणसे अशा रीतीने तयार झाली. तरीही जे गेले, ते लवकर परत येणारे नाही. वर्षाला एक अंडे आणि पाच वर्षांचे बालपण, या चालीने चालणाऱ्या पक्ष्याला पूर्वीची संख्या गाठण्यास फार मोठा काळ लागेल. आणि तो काळ मिळणे हे माणसाच्या सावधपणावर अवलंबून आहे.

गिधाडाला सौंदर्य नाही, गोड कंठ नाही, त्याची राहणीही माणसाला किळसवाणी वाटते. परंतु सृष्टीच्या घरात कोणाची योग्यता त्याच्या रूपावरून ठरत नाही. तो कोणते काम करतो, यावरून ती ठरते. इतरांनी ज्याकडे पाहून नाक मुरडावे, ते काम गिधाड पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्याही आभाराची अपेक्षा न धरता करीत आले. त्याच्या त्या सेवेमुळेच गावाची हवा, पाणी आणि माती निर्मळ राहत होती. रामायणातील जटायूने एका संकटात सापडलेल्या स्त्रीसाठी प्राण वेचले. त्याच्या वंशजांवर आलेले संकट ओळखून त्यांना तारणे, हे आता माणसाचे काम आहे.

अभ्यास

1. मराठी भाषेत गिधाडाविषयी कोणते दोन भिन्न भाव आढळतात? उदाहरणे देऊन सांगा.

2. आपले काम करण्यासाठी गिधाडाला निसर्गाने कोणकोणती साधने दिली आहेत?

3. उत्पादक, भक्षक व विघटक म्हणजे काय, ते माळरानाच्या उदाहरणाने स्पष्ट करा. मृतभक्षक विघटकांना कशी मदत करतात?

4. माळरानावर गवत अगणित आणि गरुड एखाददुसराच का असतो?

5. गिधाडांच्या मृत्यूचे कारण शोधताना शास्त्रज्ञांनी कोणत्या शक्यता तपासल्या? खरे कारण कोणत्या पुराव्याने सिद्ध झाले?

6. 'गाईला जे सोसत होते, ते गिधाडाला मुळीच सोसत नव्हते.' या वाक्याचा संदर्भ देऊन अर्थ सांगा.

7. कारणे द्या : (अ) थोड्या विषारी शवांमुळेही बहुतेक गिधाडे मेली. (आ) कुत्रा गिधाडाची उणीव भरून काढू शकत नाही.

8. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : तुटून पडणे, नाक मुरडणे, तग धरणे, प्राण वेचणे, चाहूल लागणे.

9. आपल्या गावाजवळील तळे, ओढा, शेत किंवा माळ यांपैकी एका ठिकाणी जाऊन तेथील सजीवांची यादी करा व त्यांचे अन्नजाळे वहीत काढा. त्यातील एक प्राणी नाहीसा झाला, तर काय घडेल, ते दहा ओळींत लिहा.

10. पूर्वी गावात गिधाडे दिसत होती का, कोठे दिसत व ती केव्हा दिसेनाशी झाली, हे घरातील आजी-आजोबांना किंवा गावातील वडीलधाऱ्यांना विचारून टिपून ठेवा.